आधीचे विमान



म्हसवडसारख्या गावी, जिथे रेल्वेची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही, तिथे विमानावर व्याख्यान कशाला, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. पण मी उलट विचारतो, या सभेत असे किती जण आहेत, की ज्यांचा मुलगा, भाऊ वा पुतण्या परमुलखात नाही? पावसाने पाठ फिरवली तेव्हा माण, खटाव, खानापूर, आटपाडीकडची माणसे बाहेर पडली आणि सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करीत देशभर पसरली. गावाकडून वाईट निरोप आला, की त्यांच्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो: लवकर कसे पोहोचायचे?

1948 साली एस.टी. सुरू झाली, तेव्हापासून आपल्याला एक सवय जडली आहे. स्टँडवर आलो, आधीची गाडी लागलेली दिसली, की चढायचे; कंडक्टर आत तिकीट फाडतो. विमानाचे तसे नाही. तिथे तिकीट आधी आणि माणूस मागून. ते तिकीट एका माणसाचे, एका दिवसाचे आणि एकाच फेरीचे असते. त्यामुळे आपला समज असा होतो, की त्यावरची वेळ म्हणजे ब्रह्मलिखित.

या समजाची किंमत मी मोजली आहे. 2009 साली मी कामानिमित्त बंगळूरला होतो. सकाळी फोन आला, वडिलांचे जास्त झाले आहे. संध्याकाळच्या विमानाचे तिकीट मिळाले. खोलीवर जीव रमेना, म्हणून मी दुपारीच विमानतळावर जाऊन बसलो. तिथे पुण्याच्या दुपारच्या विमानाची वेळ फलकावर दिसत होती. माणसे रांगेने आत गेली, विमान उडाले, आणि मी हातातले तिकीट सांभाळीत बसून राहिलो. गावी पोहोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. वडील रात्री दहालाच गेले होते. त्या विमानात जागा होती की नव्हती, हे मला आजही ठाऊक नाही. कारण मी विचारलेच नाही.

तेव्हा विचारायचे काय, ते आज सांगतो. त्याच दिवशी त्याच कंपनीच्या आधीच्या विमानात जागा असेल, तर बहुधा बदल करून मिळतो. मात्र तो आपला हक्क नव्हे. तिकिटाच्या अटींवर ते अवलंबून असते. कोणी ठरावीक आकार घेते, कोणी त्यावर भाड्यातला फरकही घेते. उडालेल्या विमानातली रिकामी खुर्ची म्हणजे बाजार उठल्यावर उरलेली भाजी. मग ती फुकट का देत नाहीत? कारण ऐनवेळी येणारा माणूस नडलेला असतो, हे व्यापाऱ्याला पक्के ठाऊक असते. पण कंपनीच्याच विमानाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा देण्याचा सरकारी नियम आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. देशातल्या प्रवासात बहुतेक कंपन्यांची खिडकी उड्डाणापूर्वी 60 मिनिटे बंद होते. म्हणून विचारायचे ते आधी. विमान डोळ्यांदेखत सुटताना नव्हे.

तिसरी गोष्ट सामानाची. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान अटलांटिकवर स्फोटाने कोसळले आणि 329 माणसे गेली. बाँब असलेली बॅग विमानात चढली होती, तिचा मालक चढलाच नव्हता. तेव्हापासून माणूस आणि त्याचे सामान यांची जोडी जुळवून पाहण्यावर जगभर कटाक्ष आला. म्हणून एकदा बॅग स्वाधीन केली, की विमान बदलणे अवघड होते. ती आधी शोधून बाहेर काढावी लागते. त्यात आपला खोळंबा होतो खरा, पण त्या नियमामागे 329 चिता आहेत, हे विसरू नये.

2019 साली माझ्या मावसभावावर हीच पाळी आली. तोही बंगळूरलाच होता, तिकीट रात्रीचे होते. मी त्याला फोनवर एवढेच म्हणालो, “बॅग दुकानात ठेव, आणि आत्ता जाऊन विचार.” सकाळी मोबाईलवर घेतलेला बोर्डिंग पास आधी रद्द करावा लागला, मूळ तिकिटाहून जास्त पैसे मोजावे लागले, पण दुपारच्या विमानात जागा मिळाली. दिवेलागणीनंतर तो घरी आला. मावशीने त्याला ओळखले, जेवलास का म्हणून विचारले. पहाटे ती गेली.

नंतर कोणीतरी त्याला विचारले, फरक किती पडला? त्याने आकडा सांगितला नाही. मीही तो कधी विचारला नाही.

मंडळी, जागा नसेल तर नाही म्हणतील. त्यात कमीपणा कसला? पण न विचारता परत फिरू नका. घरी गेल्यावर परमुलखातल्या आपल्या माणसाला एवढे कळवा, म्हणजे माझे आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.