पांदण कुणाच्या दारी जाते?

चीन परदेशांत बंदरं आणि रेल्वेमार्ग बांधतो, त्यावर बोला असं मला सांगितलंय. बोलतो. पण आधी आपली शकुंतला रेल्वे. माझी निम्मी मिनिटं तीच खाणार.

यवतमाळ ते मूर्तिजापूर, 113 किलोमीटर, अडीच फुटी रूळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज कंपनीनं टाकलेले. दारव्हा, कारंजा करत कापूस मूर्तिजापूरला जायचा, तिथं मोठ्या लाइनवर चढायचा, मग मुंबई आणि पुढं मँचेस्टर. इंजिनसुद्धा 1921 सालचं, मँचेस्टरचंच. ते 1994 पर्यंत राबलं. स्वातंत्र्य आलं, रेल्वे सरकारची झाली, पण हे रूळ खासगी कंपनीच्याच मालकीचे राहिले. गाडीच्या आठवणीनं आपले डोळे भरून येतात. येऊ द्या. पण ती जात कुठं होती ते बघा. वर्ध्याला नाही, नांदेडला नाही. वर्ध्याकडून कळंबपर्यंत रेल्वे यायला 2024 उजाडलं.

समजा, शेजारचा सधन कास्तकार म्हणाला, "भाऊ, तुझ्या वावरातून पांदण रस्ता मीच करून देतो. मुरूम माझा, जेसीबी माझा, पैसे दे सवडीनं." पावसाळ्यात चिखलातून बंडी ओढून आपण थकलेलो, लगेच हो म्हणतो. रस्ता होतो, चांगला होतो. फक्त तो त्याच्या जिनिंगच्या दारी जातो, बाजार समितीकडं नाही. दोन हप्ते थकले की तो म्हणतो, "राहू दे पैसे, धुऱ्याजवळची एकरभर जागा दे वहितीला." आणि ग्रामसभेत हात वर करायची वेळ आली की आपण आधी त्याच्या तोंडाकडं बघतो.

जागतिक राजकारण म्हणतात ते हेच. शी जिनपिंग यांनी 2013 मध्ये या रस्त्यांची आणि बंदरांची योजना मांडली. श्रीलंकेनं हंबनटोटा बंदर चिनी कर्जातून बांधलं आणि 2017 मध्ये 99 वर्षांसाठी चिनी कंपनीच्या हवाली केलं. आता, श्रीलंकेचं सगळं कर्ज चीनचंच होतं असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. रोखे काढून त्यांनी बाजारातूनही भरपूर उचललं होतं. पण 2022 च्या ऑगस्टमध्ये चीनचं युआन वांग 5 हे टेहळणीचं जहाज तिथं यायला निघालं, भारतानं हरकत घेतली, श्रीलंकेनं 'जरा थांबा' म्हटलं आणि शेवटी येऊ दिलं. ग्रामसभेतला हात तो हाच!

पाकिस्तानातल्या ग्वादर बंदराकडं जाणारा चीनचा रस्ता तर गिलगिट-बाल्टिस्तानातून जातो. म्हणजे ज्या धुऱ्याचा वाद मिटलेला नाही, त्याच्यावरूनच पांदण काढलेली. म्हणून या योजनेच्या 2017 च्या बीजिंग परिषदेला भारत गेला नाही. बरोबरच केलं.

कुणी आत्ताच रेडिओ लावला असेल, म्हणून पुन्हा सांगतो. रस्ता कोण बांधतो हे मागाहून विचारा. कागद कुणाच्या पेटीत आहे आणि वाट कुणाच्या दारी संपते, हे आधी विचारा. आपली पोरं पेपर वाचून विचारतात, चीननं किती अब्ज ओतले? अरे बाबांनो, मुरुमाच्या ट्रॉल्या काय मोजता!

आणि हाच प्रश्न आपल्यालाही लागू आहे, हे ऐकायला कुणाला आवडत नाही. इराणच्या चाबहार बंदरातला धक्का चालवायला भारतानं 2024 च्या मे महिन्यात दहा वर्षांचा करार केला. 2017 मध्ये त्याच वाटेनं आपला गहू अफगाणिस्तानला गेला होता. ही वाट त्यांच्या दारी गेली, म्हणून मला ती पटते. पण इराणवर अमेरिकेचे निर्बंध आहेत, म्हणजे तिथं तिसराच शेजारी काठी घेऊन उभा. त्यातच 2023 मध्ये दिल्लीत, आपल्याकडून आखाती देशांमार्गे युरोपला जाणारा मार्ग जाहीर झाला. तो इस्रायलच्या हैफा बंदरातून जायचा, आणि पुढच्याच महिन्यात गाझाचं युद्ध... काचेपलीकडून हात दिसतोय, वेळ संपली. हैफाचं राहिलंच.