बुजऱ्या माशाला सोबत कोणाची द्यायची?

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेले भाषण. शक्यतो त्यांच्याच शब्दांत देत आहोत. – संपादक मंडळ)



मी चाकणजवळच्या गावातली. गटातून वीस हजारांचं कर्ज घेऊन घराच्या पडवीत शोभेच्या माशांचा धंदा सुरू केला, हे तुम्हाला माहीत आहे. माझी गिऱ्हाइकं म्हणजे चाकण, मोशी, चिखली, भोसरीच्या सोसायट्यांमधली कंपनीत कामाला जाणारी मंडळी. गुरुवारी कंपनीला सुट्टी, त्या दिवशी पोरांना घेऊन येतात. मागच्या सभेत तुमच्यातल्या तिघी-चौघींनी विचारलं, आम्हालाही हा धंदा करायचाय, काय शिकावं लागेल? टाकी चिकटवणं, फिल्टर लावणं हे आठ दिवसांत जमतं. मी आज जे सांगणार आहे ते शिकायला मला एक मोठं नुकसान सोसावं लागलं. कोणता मासा कोणाबरोबर ठेवायचा, आणि त्यातही बुजऱ्या माशाला सोबत कोणाची द्यायची, एवढंच सांगते.

पहिल्याच वर्षी मोशीच्या एका कुटुंबाला मी तीन फुटी टाकी भरून दिली. त्यांना रंग पाहिजे होते. मी चार पर्ल गौरामी दिले, अंगावर मोत्यासारखे ठिपके असलेले. टाकी हलती दिसावी म्हणून सोबत पाच टायगर बार्ब दिले. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. पंधरा दिवसांनी फोन आला, गौरामी हिटरमागे उभेच राहतात. मी म्हटलं, नवीन आहेत, रुळतील. मग एक मेला. मी औषध दिलं. दुसरा मेला, मी औषध वाढवलं. शेवटी त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्या घरातल्या आजी म्हणाल्या, “अगं बाई, आजारी कुठले? हे पट्टेवाले त्यांना खायलाच येऊ देत नाहीत. मी रोज बघते.”

गौरामीच्या पोटाखाली दोऱ्यासारखे दोन लांब पर असतात. चाचपडायला त्याला ते लागतात. बार्बनी ते कुरतडून टाकले होते. शिवाय गौरामीला हवा घ्यायला पाण्यावर यावं लागतं. वर आला की पाठलाग. अंगावर मोठी जखम नाही, रोग नाही, मासा भुकेनं आणि धास्तीनं गेला. मी पैसे परत केले आणि त्या महिन्याचा गटाचा हप्ता घरखर्चातून भरला.

तेव्हापासून मी उलटं चालते. आधी “कोणता मासा आवडला?” असं विचारत होते. आता आवडलेल्या माशांपैकी सगळ्यात बुजरा कोणता ते आधी ठरवते, आणि बाकीचे त्याला बघून निवडते. दांडगा मासा कुठंही जगतो. त्याची काळजी आपण करायची गरज नाही.

आता बुजरे कोण, ते बघा. कुली लोच, हा सापासारखा बारीक, पट्ट्यापट्ट्यांचा, दिवसा लपतो आणि रात्री फिरतो. कोरी, तळाशी मिशांनी चाचपडत खाणारा. निऑन टेट्रा. पर्ल गौरामी आणि त्याचा छोटा भाऊ हनी गौरामी. हा हनी गौरामी आपल्याच देशातला, गंगा-ब्रह्मपुत्रेकडचा, जेमतेम दीड-दोन इंचांचा. लाल-निळ्या झगमगाटात गिऱ्हाइकाचं याच्याकडे लक्ष जात नाही, पण रुळल्यावर मधासारखा रंग धरतो.

सोबती निवडताना मी पाच गोष्टी बघते.

पहिली, तोंड. ज्याच्या तोंडात जो मावतो, तो त्याचा घास. एंजल मासा दुकानात रुपयाएवढा असतो. मोठा झाला की निऑन टेट्रा गिळतो. म्हणून मासा आज केवढा आहे ते बघू नका, पूर्ण वाढल्यावर केवढा होईल ते विचारा.

दुसरी, खाण्याचा वेग. दाणे टाकल्यावर अर्ध्या मिनिटात सगळं फस्त करणारे मासे बुजऱ्याजवळ नकोत. झेब्रा डॅनिओ मारकुटा नाही, पण इतका चपळ की हळू खाणाऱ्याला काही उरतच नाही. मिस केरळ हा सह्याद्रीतला देखणा मासा, तोही तसाच धावरा आणि मोठा होणारा.

तिसरी, जागा. कोणी वर राहतो, कोणी मध्ये, कोणी तळाशी. तळाला कुली लोच असेल तर तळाचीच जागा अडवणारा रेड टेल शार्क देऊ नका. तो आपली हद्द धरतो आणि तिथं येणाऱ्याला हाकलतो.

चौथी, पाणी. आपल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यात गप्पी, मॉली, प्लॅटी चांगले राहतात. निऑन आणि कुली लोचला हलकं पाणी मानवतं. पिंपरी-चिंचवडमध्ये पवना धरणाचं पाणी येतं, ते बोअरपेक्षा हलकं. तेव्हा गिऱ्हाईक कुठं राहतं, बोअर की नळ, हे विचारायचंच. आणि गोल्डफिशला थंड पाणी लागतं, गौरामी-लोचला साधारण २४ ते २८ अंश. ही जोडी कधीच लावू नका.

पाचवी, आपली माणसं. कुली लोच, कोरी, टेट्रा हे एकेकटे देऊ नका. निदान सहा द्या. एकटा कोरी कोपऱ्यात बसतो, सहा असले की दिवसाउजेडी फिरतात. कमी पैशांत जास्त प्रकार मागणाऱ्याला मी सांगते, प्रकार कमी घ्या, एकाच प्रकारचे जास्त घ्या.

आता एक गंमत सांगते. बुजऱ्या माशाला एकटं ठेवलं म्हणजे तो सुखी होतो असं मला वाटायचं. तसं नसतं. टाकी रिकामी असली की त्याला वाटतं, बाकीचे लपलेत म्हणजे काहीतरी धोका आहे. मधल्या पाण्यात शांत माशांचा थवा निवांत फिरताना दिसला की तोही बाहेर येतो. म्हणून सोबत पाहिजेच, फक्त धीर देणारी पाहिजे. हार्लेक्विन रासबोरा या कामाला फार चांगला. लहान, शांत, आणि कोणाचे पर ओढत नाही.

दोन फुटी टाकीला मी आता दोनच जोडण्या देते. नळाचं हलकं पाणी असेल तर आठ हार्लेक्विन रासबोरा, सहा कुली लोच आणि हनी गौरामीची एक जोडी. बोअरचं पाणी असेल तर सहा ब्रॉन्झ कोरी आणि सहा गप्पी, त्यात दोन नर आणि चार माद्या. नर जास्त झाले की माद्यांना दमवतात. पर्ल गौरामी चार-पाच इंचांचा होतो, तो तीन फुटी टाकीशिवाय देत नाही. फायटर, टायगर बार्ब, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न यांतलं काही पाहिजे असेल तर त्यांची टाकी वेगळी.

सकर माशाचं वेगळं सांगते. काच साफ करतो म्हणून सगळे मागतात. दोन इंचांचा असतो, वाढून फुटापेक्षा मोठा होतो. मग लोक तो इंद्रायणीत नाहीतर पवनेत सोडतात. तिथं तो आपल्या नदीतल्या माशांना उपद्रव देतो. मला परत आणून द्या म्हणते, पण नदीत सोडू नका.

टाकीची मांडणीही बघा. लपायला जागा असेल तरच बुजरा मासा बाहेर येतो. त्याला पैसे लागत नाहीत. नारळाची करवंटी उकळून, भोक पाडून पालथी ठेवा. पाण्याच्या पाइपचे तुकडे ठेवा. खाली बारीक, गोल कणांची धुतलेली वाळू टाका. हल्ली बांधकामावरून क्रश सँड आणतात, ती धारदार असते. कोरीच्या मिशा तिनं झिजतात आणि मग त्याला खाणं सापडत नाही.

मासे सोडायचा क्रमही आहे. बुजरे आधी सोडायचे, दिवा बंद ठेवून. त्यांनी आपापली जागा धरली की आठ-दहा दिवसांनी बाकीचे. नवीन मासा आणला की निदान दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, नाहीतर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सगळ्या टाकीत शिरतो.

आणि खाणं. वर तरंगणारे दाणे टाकून भागत नाही. रात्री दिवा बंद केल्यावर बुडणाऱ्या गोळ्या टाकायच्या. माझं एक गिऱ्हाईक सेकंड शिफ्टवरून रात्री बाराला घरी येतं. त्यांना सांगितलं, जेवायला बसायच्या आधी दोन गोळ्या टाका. आता ते म्हणतात, मी आलो की लोच बाहेर येतात. शिफ्टच्या माणसाला रात्रीचा मासा बरा पडतो बघा.

धंद्याचं शेवटचं. वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाची टाकी, पाणी, मासे लिहून ठेवा. न जमणारा मासा मागितला तर नाही म्हणा. त्या दिवशी शंभर-दीडशे रुपये जातात, पण मासे जगले की तोच माणूस खाद्याला, फिल्टरला, दुसऱ्या टाकीला परत येतो. माझी निम्मी गिऱ्हाइकं आज अशीच एकानं दुसऱ्याला सांगून आलेली आहेत.

मोठं करायचं असेल तर २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्य युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला होता आणि महिलांना त्यावर ६० टक्के अनुदान होतं. सध्या अर्ज चालू आहेत का, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारूनच पैसे गुंतवा. शिकायला कोकण कृषी विद्यापीठाचं रत्नागिरीचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे.

पण त्याआधी घरात एक दोन फुटी टाकी लावा. सहा महिने सहा लोच जगवून दाखवा, मग कर्जाचा अर्ज करा. ज्यांना बघायचंय त्यांनी गुरुवार सोडून कधीही माझ्या पडवीत या. चहा ठेवते.