लकवा, घास आणि घरची बाई
(महिला आरोग्य शिबिरातील भाषणाचा गोषवारा)



दारू, बाळंतपण, जंगलहक्क यांवर आपण चंद्रपूर-गडचिरोलीत पुष्कळ बोललो. लकवा मात्र म्हाताऱ्यांचा आजार म्हणून बाजूला राहिला. ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळातल्या १५९९ मृत्यूंची कारणे तपासली. त्यात २२९ मृत्यू लकव्याचे निघाले. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतकी माणसे गेली नव्हती. गेलेल्यांत जवळजवळ निम्म्या बाया होत्या. शंभरातले ८७ जण घरीच गेले. ४६ जण तर पहिल्या महिन्यातच.

घरी म्हणजे कुणाच्या हातावर? बायकोच्या, सुनेच्या, लेकीच्या. म्हणून हे आपल्याला माहीत हवे.

लकवा हातापायांवर पडतो तसा घशावरही पडतो. सुरुवातीच्या दिवसांत सुमारे निम्म्या रुग्णांना नीट गिळता येत नाही. घास किंवा पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. पातळ पाणी भरकन घसरते, म्हणून तेच जास्त धोक्याचे. आपण मात्र निजलेल्या माणसाच्या तोंडात मायेने चमचा-चमचा पाणी सोडतो. ठसका लागणे, आवाज घरघरणे, घास गालात साठून राहणे या खुणा ओळखा. काहींना ठसकाही लागत नाही. म्हणून नर्सने किंवा डॉक्टरने गिळणे तपासेपर्यंत तोंडाने काही नाही, गोळीसुद्धा नाही.

गिळता येत नसेल तर नाकातून नळी घालतात. ‘नळी घातली, म्हणजे आता संपलं’ असे गावात म्हणतात. ते खरे नाही. बहुतेकांचे गिळणे काही आठवड्यांत सुधारते. तोवर अंगात ताकद राहावी म्हणून नळी. नुसत्या वरणाच्या पाण्यावर माणूस खंगतो. दूध, डाळ घालून शिजवलेली पेज, थोडे तेल, सगळे बारीक करून गाळून द्या. रुग्णाला उठवून बसवा, सावकाश द्या, नंतर साधे पाणी सोडून नळी धुवा आणि निदान अर्धा तास निजवू नका. नळी सरकली तर घरी आत ढकलू नका, दवाखान्यात दाखवा. नळी असली तरी लाळ छातीत जाऊ शकते, म्हणून तोंड रोज स्वच्छ करा.

आता हे सगळे करायचे कुणी? दर दोन-तीन तासांनी नळीतून द्यायचे, रात्री कूस बदलायची, आणि बाहेर मोहफुलांचा नाहीतर तेंदूपानाचा हंगाम. बाईची मजुरी बुडते, ती कुणी मोजत नाही. घास चुकला तर बोल तिलाच. आणि लकवा तिलाच झाला तर तिला भरवायला घरातला पुरुष बसतो का?

म्हणून दोन गोष्टी मागू या. सरकारकडे : सुट्टी देण्याआधी गिळण्याची तपासणी व घरच्यांना प्रत्यक्ष शिक्षण, आशाताईंना याचे प्रशिक्षण, नळी बदलण्याची सोय जवळच्या आरोग्य केंद्रात. आणि घरात : नळीचे शिक्षण घ्यायला मुलाने, नवऱ्यानेही यावे. भरवणे हे बाईच्या जातीचे काम नाही. ते शिकता येते, आणि वाटूनही घेता येते.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गावात लकव्याची किती माणसे आहेत आणि त्यांना कोण भरवते, एवढे विचारून या. तिथून सुरुवात करू.