आधी पंचनामा



 विदर्भातल्या मनोविकारतज्ज्ञांची ही परिषद सक्करदऱ्याला भरणार असं कळलं तेव्हाच माझा विषय ठरला. रुग्णाची मनःस्थिती तपासायची म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न विचारायला या परिसराइतकी योग्य जागा नागपुरात दुसरी नाही.

याचं कारण इथे राहून गेलेले संत ताजुद्दीन बाबा. त्यांचा जन्म 1861 साली कामठीचा. काही काळ त्यांनी फौजेत नोकरी केली, ती सुटली, ते कामठीला परतले आणि त्यांचं वागणं लोकांच्या आकलनाबाहेर गेलं. 1892 मध्ये त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आलं. 1864 साली सुरू झालेलं ते इस्पितळ म्हणजे आजचं प्रादेशिक मनोरुग्णालय. नागपूरकर त्याला अजूनही बिनदिक्कत पागलखाना म्हणतात. 16 वर्षं बाबा तिथे होते. 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी हमी दिली आणि त्यांना इथे, सक्करदऱ्याच्या राजवाड्यात आणून ठेवलं. 1925 मध्ये बाबा गेले. उमरेड रोडवरच्या ताजाबादला, त्यांच्या दर्ग्यावर, आजही सर्व धर्मांचे लोक माथा टेकतात.

मी बाबांचं निदान करणार नाही. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची तपासणी कोणाला करता येत नाही आणि कोणाच्या श्रद्धेवर शेरा मारण्याचा अधिकार आपल्या पदवीने आपल्याला दिलेला नाही. मला सलतं ते वेगळंच. त्या काळी वेड्यांच्या इस्पितळांचा 1858 चा कायदा लागू होता. मॅजिस्ट्रेटपुढे माणूस उभा करायचा, डॉक्टरचा दाखला घ्यायचा आणि रवानगी करायची. त्या व्यवस्थेला एकच प्रश्न ठाऊक होता, हा वेडा आहे की नाही? दाखल्याने माणूस आत जायचा, वजनदार माणसाच्या हमीने बाहेर यायचा. तो काय बोलतो, कसा बोलतो, कशाने अस्वस्थ होतो, हे या दोन्ही कागदांना सांगावं लागत नसे.

आपली तपासणी या दोन कागदांच्या मधली जागा भरण्यासाठी आहे. पेहराव, वागणं, बोलणं, भावावस्था, विचारांची घडण, विचारांचा आशय, भास, स्मृती, सारासार विवेक, आजाराची जाण, हे सगळे मथळे तुम्हाला पाठ आहेत. ते भरले की तपासणी झाली, असा आपला समज झाला आहे. खरं तर ही तपासणी म्हणजे पंचनामा आहे. पंचनाम्यात जे दिसलं ते, जिथे दिसलं तिथे, दिसलं तसं लिहायचं असतं. गुन्हा कोणाचा, ते पुढचं काम.

केसपेपरवर आपण काय लिहितो ते पाहा. 'संशयाचा भ्रम आहे.' एवढ्या शब्दांत दोन अगदी वेगळी माणसं मावतात. एक म्हणतो, "शेजारी माह्या धुऱ्यावर डोळा ठेवून हाय." दुसरा म्हणतो, "शेजाऱ्यानं माह्या डोक्यात मशीन बसोली, तिच्यातून तो माहे विचार चोरते." पहिल्याच्या बाबतीत आधी सातबारा पाहावा लागेल. आपल्या भागात शेताच्या धुऱ्यावरून डोकी फुटतात, कोर्टात पिढ्या जातात. दुसऱ्याला आजच औषध लागेल. शेरा तेवढा उरला आणि वाक्य गेलं, तर महिन्याभराने फाईल उघडणाऱ्या डॉक्टरला हा फरक कळणार कसा?

1913 साली कार्ल यास्पर्स नावाच्या तिशीतल्या जर्मन डॉक्टरने मनोविकृतीशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला. अनुभवाचा आशय वेगळा आणि त्याचं रूप वेगळं, हा त्यातला भेद आजही आपला कणा आहे. आशय माणूस आपल्या मातीतून उचलतो. आजाराचा माग बहुधा रूपात लागतो.

एक अनुभव सांगतो, ओळख पुसून. पन्नाशी ओलांडलेली बाई. वर्षानुवर्षं नवरात्रात तिच्या अंगात यायचं. आयाबाया ओटी भरायच्या, ती अंगारा द्यायची, आरती झाली की भानावर येऊन भाकरी टाकायला बसायची. यंदा घरचे तिला ऐन आषाढात घेऊन आले. कागदावर एवढंच होतं: 'देवी बोलते.' नवरात्रातली देवी आणि ही देवी एकच का, असं मी विचारलं. बाई म्हणाली, "नवरात्रातली माय मायेची होती जी. हे तशी नाही. रातभर शिव्या देते, विहिरीकडं चाल म्हणते." आशय तोच, रूप पार बदललेलं. वेळकाळ सुटला होता, ताबा सुटला होता, झोप उडाली होती, आणि आवाज जिवावर उठला होता. विशेष म्हणजे तिला आमच्याकडे पाठवलं ते गावच्या भगताने. हे आपलं काम नाही, दवाखान्यात न्या, असं त्यानेच बजावलं होतं. समाजाला आपली रीत आणि आपला आजार यांतला फरक पुष्कळदा कळतो. आपण विचारत नाही.

याची दुसरी बाजूही डोळ्याआड करून चालणार नाही. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीला आग लागली. तिथल्या दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रमात साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण जळून गेले. मृतांचा आकडा 28 वर गेला. श्रद्धेचा मान राखायचा म्हणजे रुग्णाला तिच्या भरवशावर सोडून द्यायचं नव्हे. काळजीपूर्वक केलेली नोंद दोन्ही चुका टाळते. ती निरोग्याला आत टाकू देत नाही आणि आजाऱ्याला बाहेर बांधून ठेवू देत नाही.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हेच बंधन आपल्यावर घातलं आहे. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक चालीरीतींशी जुळत नाही, एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असं कलम 3 सांगतं. पूर्वी उपचार झाले होते, हाही पुरेसा आधार नाही. कलम 89 नुसार, इच्छेविना दाखल करताना एका मनोविकारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका मानसिक आरोग्य व्यावसायिकाने किंवा डॉक्टरने स्वतंत्रपणे तपासणी करायची आहे. ओपीडीच्या गर्दीत या 'स्वतंत्रपणे'चं काय होतं, ते आपण सगळे जाणतो. पहिल्याने लिहिलेलं दुसरा उतरवतो आणि सही ठोकतो. कायद्याने मागितलेली दुसरी नजर तिथे नसतेच.

म्हणून या परिषदेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येक केसपेपरवर रुग्णाचं किमान एक वाक्य त्याच्याच बोलीत, जसंच्या तसं असावं. रुग्ण गोंडी किंवा कोरकू बोलणारा असेल तर दुभाषा कोण होता तेही लिहावं. जिला नवऱ्याचा संशय आहे तिचं म्हणणं नवऱ्याच्याच तोंडून घेतलं, तर तो तपास कसला? दुसरी, स्मृती आणि भान तपासण्याचे प्रश्न इथल्या जगण्यातले असावेत. तारीख चुकली म्हणून शेतमजुराचं भान हरपलं असं होत नाही. पोळा होऊन किती दिवस झाले, आठवडी बाजार कोणत्या वारी, शंभराची नोट देऊन पस्तीसची भाजी घेतली तर परत किती, हे विचारा. असे प्रश्न निरोगी, निरक्षर मंडळींवर आधी पारखून मगच वापरात आणावे लागतील, आणि ते काम विदर्भातल्या महाविद्यालयांनी मिळून करावं. तिसरी, दुसऱ्या तपासनिसाने पहिल्याची नोंद आपली नोंद पूर्ण होईपर्यंत वाचू नये.

या तिन्हींना पैसा लागत नाही, वेळ लागतो. प्रत्येक नव्या रुग्णामागे दहा मिनिटं जास्त. ती कुठून काढायची, याच्यावर दुपारच्या सत्रात निवासी डॉक्टरांनी आधी बोलावं आणि आम्ही वरिष्ठांनी ऐकावं, अशी विनंती करतो आणि माझं भाषण संपवतो.