जोर मनगटात हवा

चेन्नईत बेझंट नगरच्या एलियट्स बीचवर अल्टिमेट फ्रिस्बी हा चकती फेकण्याचा खेळ चांगलाच रुजला आहे. वाळूवर एका संघात पाच खेळाडू, मुलं-मुली एकत्र, आणि पंच नाहीच. फाउल झाला की खेळाडूच आपसात निवाडा करतात. मला हा नियम फार मोलाचा वाटतो.

चकती 175 ग्रॅमची. ती फेकायला शिकताना सुरुवात बॅकहँडने करा. अंगठा वर, बाकीची बोटं खालून कडेला घट्ट मुडपलेली. उजव्या हाताने फेकत असाल, तर डावा पाय रोवून उजवा तिरपा पुढे टाका, खांदा साथीदाराकडे वळवा. नवशिके सगळा जोर दंडातून लावतात आणि चकती डगमगत पडते. खरं काम मनगटाचं! ओला टॉवेल झटकतो तसा सोडताना झटका द्या. त्यातून मिळणारी गिरकीच तिला हवेत स्थिर ठेवते.

समुद्राचा वारा समोरून असला की चकती एकदम वर उचलली जाते. अशा वेळी पुढची कड किंचित खाली झुकवा आणि फेक खालूनच ठेवा. फोरहँडची घाई नको. आधी दहा पावलांवरच्या साथीदाराच्या हातात चकती सरळ जाऊ द्या, मग अंतर वाढवा.