जुन्या वाडीत घर घेताना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी पाककृती सांगते, कोणी मुलांच्या आरोग्यावर बोलते. यंदा चिटणीसबाईंनी मला आज्ञा केली की, तुम्ही मेढ्यातले घर विकत घेतलेत त्याची हकीकत सांगा. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सभेत बोलण्याची सवय नाही. परंतु ज्या कागदांमागे आम्ही नवराबायको चौदा महिने फिरलो, ते कागद आता मला तोंडपाठ झाले आहेत. त्यांतले काही आपल्यापैकी पुष्कळजणींच्या माहेरच्या घराशीही संबंधित आहे, म्हणून उभी राहिले.

आपल्या मालवणातल्या मेढा, धुरीवाडा, देऊळवाडा या वस्त्या जुन्या. समोरच्या किल्ल्याचे काम १६६४ साली सुरू झाले आणि १६६७ त पुरे झाले. राजकोट, सर्जेकोट ही त्याचीच धाकटी भावंडे. येणारा पाहुणा किल्ला पाहतो आणि परतताना आमच्या पाणंदीतली चिऱ्याची घरे बघून हमखास विचारतो, "असे एखादे घर विकाऊ आहे का हो?" १९९७ साली आपला जिल्हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ त कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ च्या ऑक्टोबरात चिपीचा विमानतळ उघडला, दर खेपेला हे विचारणारे वाढत गेले. भावाचे मी काय सांगावे! आपण सर्व जाणताच.

मी लग्न होऊन आले ती याच घरात, भाडेकरीण म्हणून. मिस्टरांचे काम बंदरावर, होड्यांच्या इंजिनांची दुरुस्ती. घर म्हणजे पुढे खळे, मग पडवी, माजघर, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि विहीर. भिंती जांभ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या, वर मंगलोरी कौले. अशा घराचे कौतुक करणे सोपे; ते राखणे म्हणजे एक म्हातारे माणूस सांभाळण्यासारखे आहे. दरसाल पावसाआधी शाकारणी आली, वाशांना वाळवी लागली का ते पाहणे आले, पडवीला झड्या बांधणे आले. हल्ली कौलांवर चढणारा गडीच मिळत नाही. आणखी एक सांगते. जुन्या मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका. आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही आणि दोन पावसाळ्यांत आतला चुना सुटू लागतो. आमच्या शेजारच्या घरात हे प्रत्यक्ष पाहिले.

घराचे मालक मुंबईला. त्यांचे पणजोबा पोटासाठी तिकडे गेले, आजोबा गिरणीत लागले, नातवंडे डोंबिवली-विरारला पांगली. गणपतीला दोन वर्षांआड कोणी तरी येई. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ झाले, त्यात आमच्या घराची अर्धी कौले उडाली आणि माडाची एक झाप माजघरात येऊन पडली. मालकांनी कळविले की, आता खर्च झेपत नाही, घर विकायचे आहे. तुम्ही इतकी वर्षे राहिलात, तुम्हाला आधी विचारतो. त्यांचा हा चांगुलपणा मी विसरणार नाही.

पहिला कागद त्यांनी पाठविला तो घरपट्टीची पावती. मालकांना स्वतःलाही वाटे की, पावतीवर नाव आहे तो मालक. वकिलांनी सांगितले, पट्टी भरणे निराळे आणि मालकी निराळी. मालकी पाहायची तर सातबारा किंवा सिटी सर्व्हेची मिळकतपत्रिका, जुने फेरफार, आणि दुय्यम निबंधकांकडे मागील तीस वर्षांच्या दस्तांचा शोध. आपल्याकडे आणखी एक भानगड असते: घर एकाचे आणि खालची जमीन भाटकाराची. आमच्या बाबतीत तसे नव्हते, पण दोन घरे सोडून आहे. तेव्हा दोन्हींचे कागद वेगवेगळे मागावेत. शिवाय समुद्र जवळ. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा नियमनाचा कायदा लागतो. १९९१ पासून तो आहे, २०११ व २०१९ साली बदलला. जुने घर पाडून नवे बांधू या विचाराने घेणाऱ्याने आधी नगरपालिकेत जाऊन लेखी विचारावे, मग विसार द्यावा.

आता मुख्य गोष्ट. उताऱ्यावर चार नावे होती, चारही पुरुषांची. वकिलांनी वंशावळ मागितली तेव्हा वारस निघाले सतरा, त्यांत नऊ बायका. आज्या, आत्या, सुना, भाच्या. उताऱ्यावर एकीचेही नाव नव्हते. मधल्या दलालाने सांगितले, "बायांची नावा उताऱ्यार नाय, मगे कित्याक धरतास?" आठजणींची संमती मिळत होती. राहिली एक, मालकांची आत्या, वय वर्षे एक्क्याऐंशी. तिने सही द्यायला साफ नकार दिला. भाच्यांचे म्हणणे, आत्येला एक चांगले लुगडे नेसवू आणि हक्कसोडपत्र करून घेऊ. रीतच आहे तशी.

भगिनींनो, रीत आहे हे खरे. पण कायदा काय आहे तोही ऐका. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी बापाची वारस झाली. तरी त्यात एक कलम होते की, राहत्या घराची वाटणी भावांनी मनावर घेतल्याखेरीज तिला मागता येत नसे. आपल्या राज्याने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळले. २००५ साली दिल्लीच्या कायद्याने मुलगी जन्मापासून मुलाइतकीच हिस्सेदार ठरली आणि ते राहत्या घराचे कलमही गेले. त्या दिवशी बाप हयात नसला तरी चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या ऑगस्टात सांगितले. ख्रिस्ती आणि मुसलमान शेजारणींचे वारसाचे कायदे निराळे, त्यांनी आपल्या वकिलाला विचारावे. हक्कसोडपत्र ज्या बाईला खुशीने करायचे तिने अवश्य करावे. पण ते नोंदवावे लागते आणि नोंदले की गेले. चहा पिता पिता सही करण्याचा तो कागद नव्हे.

मिस्टर म्हणाले, "आता काय करूचा गो?" मी म्हटले, आपण जाऊन भेटू. कुडाळला गाडी धरून आम्ही डोंबिवलीला गेलो. म्हातारीने चहा दिला, माझे माहेर विचारले, मग म्हणाली, "माका कोणीच इचारूक नाय. सही खय करूची ता तेवढा सांगतत." तिला घर अडवायचे नव्हते, हिस्सा हवा होता, भावांच्या मुलांइतका. मला ते रास्त वाटले, आजही वाटते. पण आमची किंमत ठरलेली. तिला द्यायचे ते भाच्यांच्या वाट्यातून जाणार, आणि ते तयार नव्हते.

याच वेळी एका हॉटेलवाल्याने आमच्याहून अधिक रक्कम देऊ केली. त्याला म्हातारीच्या सहीची फिकीर नव्हती. नंतर बघून घेऊ म्हणाला. चार महिने मी रात्री झोपले नाही. आम्ही बँकेचे कर्ज घेणार, आणि बँकेने स्पष्ट सांगितलेले की सर्व वारसांच्या सह्या असल्याखेरीज कर्ज नाही. वीस वर्षांची चूल उचलून जायचे कुठे, हा प्रश्न होता.

हॉटेलवाला जागा पाहायला आला त्या दिवसाची गोष्ट इथे बसलेल्या तिघीजणींना ठाऊक आहे. विहीर पाच घरांची सामाईक. त्याने विचारले, पंप किती क्षमतेचा चालेल? आपल्या समुद्रकाठच्या विहिरींचे असे आहे की, कळशीने पाणी काढले तर बारमाही गोडे. जोराचा उपसा झाला की खालचे खारे पाणी वर येते आणि विहीर मचूळ होते. या तिघींनी त्याला सरळ सांगितले की पंप बसवू देणार नाही, आणि पाणंदीतून मोटार येणार नाही कारण दोन्ही बाजूंचे गडगे आमचे आहेत. तो दुसरीकडे वळला. मी त्या वेळी आभार मानले नव्हते, ते आज मानते.

मग भाचे नरमले. वकिलांनी त्यांना समजावले की, आत्येने वाटणीचा दावा घातला तर विकणारे आणि घेणारे दोघेही कोर्टात म्हातारे होतील. तिला बरोबरीचा हिस्सा मिळाला. हक्कसोड नाही केले. खरेदीखतावर इतरांप्रमाणेच लिहून देणार म्हणून तिचे नाव आले. सहीसाठी ती स्वतः मालवणात आली. मुखत्यारपत्र देता आले असते, पण ऐकेना. घरी आली ती थेट विहिरीकडे गेली आणि म्हणाली, "हय पोफळ होती ती खय गेली?" पोफळ कोणालाच आठवत नव्हती.

खरेदीखत माझ्या एकटीच्या नावावर झाले. राहते घर बाईच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ च्या एप्रिलपासून आहे. आम्ही घेतले तेव्हा पंधरा वर्षे पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती, ती २०२३ साली काढली. सासूबाई म्हणाल्या, "बायलेच्या नावार घर? लोक हसतले." मिस्टर म्हणाले, "एक टक्को वाचता, तर हसांदेत." सवलतीसाठी का होईना, नाव लागले.

खरेदीखतात दोन ओळी मुद्दाम घालून घेतल्या: विहिरीवर पाणी भरण्याचा हक्क आणि पाणंदीची वहिवाट. तोंडी चालत आलेले पुढच्या पिढीला ठाऊक नसते. मोजणीही करून घेतली. तिचा नकाशा, फेरफाराची नक्कल आणि खरेदीखत माझ्याकडे आहे. कोणाला पाहायचे असेल तर या. दुपारी तीननंतर मी घरीच असते. मात्र शाकारणी चालू आहे, तेव्हा मागच्या दाराने यावे.