दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस

(आपल्या मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मी विद्वान नाही. डिप्लोमा करून नोकरीला लागलेला, बांधकामाची मापे घेणारा सरकारी नोकर आहे. ‘सरकारी नोकर आणि भ्रष्टाचार’ हा विषय मला दिला, तेव्हा घरच्यांनी विचारले, ‘तुम्हीच का?’ मी म्हटले, चुलीजवळ बसणाऱ्यालाच धूर कळतो.

आपण मराठीत ‘लाच’ म्हणतो, तेलुगूत ‘लंचम’ म्हणतात. पण आपल्या आदिलाबादेत त्याहून जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘मामुलू’. त्याचा अर्थ नेहमीचे, आणि नेहमीचा हप्ता हासुद्धा. जे नेहमीचे झाले त्याची लाज वाटेनाशी होते, हे या एका शब्दात आले.

लाच सगळ्यांना कळते. 1988 चा कायदा आहे. 2018 च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र जबरदस्तीने द्यावी लागली आणि 7 दिवसांत कळवले तर त्याला संरक्षण आहे. तक्रारीसाठी 1064 हा क्रमांक आहे. पण आज मला त्याआधीची पायरी सांगायची आहे. तिथे पैसा हातात येत नाही, म्हणून ती पाप वाटत नाही.

मुंबईच्या कुलाब्यातील ‘आदर्श’ ही 31 मजली इमारत आठवा. 2010 मध्ये प्रकरण उघडकीस आले आणि मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. डिसेंबर 2013 मध्ये विधिमंडळात मांडलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालात 102 पैकी 25 सदस्य अपात्र ठरवले होते. त्या प्रकरणातला मुख्य आक्षेप काय होता? फाइल पुढे सरकवणाऱ्या काही अधिकाऱ्यांच्या घरच्यांनाच त्या इमारतीत सदनिका मिळाल्या. मागणारा आणि देणारा, दोन्ही खुर्च्यांवर एकच घर.

मुंबई लांब आहे, म्हणून माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावातल्या मोरीचे काम माझ्या मेहुण्याला मिळाले. तो गुत्तेदार, आणि मोजमाप माझ्याकडे. काम बरे वाटले, मी माप पुस्तकात सही केली. एक रुपया घेतला नाही. पावसाळ्यानंतर त्या गावी गेलो, तर मोरीच्या कडेचे दगड वाहून गेलेले. एक म्हातारे बाबा म्हणाले, ‘साहेब, काम तुमच्याच सोयऱ्याचं. आता तक्रार कोणापाशी करावं?’

मी नियम शोधले. केंद्र सरकारच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत आहे, की कुटुंबातल्या माणसाचा संबंध असेल तर तो विषय स्वतः न हाताळता वरिष्ठांकडे पाठवावा. पण तिथे कुटुंब म्हणजे पती-पत्नी, मुले आणि आपल्यावर अवलंबून असलेले नातेवाईक. मेहुणा स्वतः कमावतो. म्हणजे त्या व्याख्येतून मी सुटलो होतो. बाबांच्या प्रश्नातून मात्र सुटलो नव्हतो. त्यांचे तक्रारीचे दारच मी बंद केले होते.

पुढच्या वर्षी मेहुण्याचे दुसरे काम आले. मी दोन ओळी लिहून दिल्या: ‘गुत्तेदार माझे नातेवाईक आहेत. मोजमाप दुसऱ्याकडे द्यावे.’ साहेब हसले, पण दिले. दुसऱ्याच्या मापात काँक्रीटची जाडी कमी निघाली आणि बिल कापले गेले. सासरची माणसे दोन वर्षे महालक्ष्म्यांच्या जेवणाला आली नाहीत. बायको बोलली काही नाही, पण दोन्ही वर्षे पाने वाढताना तिची नजर दाराकडे होती. मी मात्र रात्री एकच विचार करायचो: ते माप मी घेतले असते, तर मला ती कमी दिसली असती का? आजही खात्रीने ‘हो’ म्हणवत नाही.

रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट सांगतात. दक्षिणा वाटताना त्यांचे भाऊ समोर आले. नाना फडणवीसांनी जास्त रक्कम सुचवली. शास्त्री म्हणाले, विद्वत्तेप्रमाणे जे इतरांना तेच याला. भाऊ म्हणून काय द्यायचे ते मी घरून देईन. नाते तोडायचे नाही, फक्त सरकारी तिजोरीतून निभवायचे नाही.

जाता जाता आपल्यासाठी दोन गोष्टी. बेला, जैनथ, तामसी भागातले आपले शेतकरी तेलुगू अर्ज वाचता येत नाही म्हणून दलालाला धरतात. पुढच्या वर्षी मंडपात एक टेबल लावू या. तेलुगू येणारी आपली मुले अर्ज भरून देतील, फुकट. दुसरे म्हणजे, मंडप, माईक, प्रसाद यांचे काम कार्यकारिणीतल्या कोणाच्या नातेवाइकाकडे जात असेल, तर त्याने सभेत आधी तसे सांगावे आणि भाव ठरवताना बाहेर बसावे. वर्गणी दहा रुपयांची असली तरी ती लोकांची आहे.

घरच्या गणपतीसमोर हे शिकलो, तर कचेरीत वेगळे शिकावे लागणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!